गणपतीच्या आत होऊन जाईल

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बदलायची ठरली तेव्हा मला सगळ्यात आधी लिफ्टवाल्याची कीव आली. आमची सात मजल्यांची बिल्डिंग, आणि पिंपळे सौदागरच्या मानानेही तिच्यात इंजिनियर जरा जास्तच. निम्मे चाकणला गाड्यांच्या कंपन्यांत, काहींची भोसरीत स्वतःची वर्कशॉप, उरलेले हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर. या सगळ्यांचं पोट एकाच कामावर चालतं. दुसऱ्याने सांगितलेले दिवस कमी करायचे आणि स्वतःचे दिवस वाढवून सांगायचे. अशा लोकांच्या सभेत एक बिचारा माणूस कामाला किती वेळ लागेल हे सांगायला येणार होता.

मी काही वेगळी नाही. चाकणच्या एका कंपनीत मी प्रोजेक्ट विभागात आहे. नवी मशीन कधी येणार, कधी बसणार, कधी चालू होणार याच्या तारखा देणं हे माझं काम. बाहेरच्यांना ते फार शास्त्रीय वाटतं. प्रत्यक्षात फिटर वाढवून सांगतो, कारण सुपरवायझर कापणार हे त्याला माहीत असतं. सुपरवायझर मला वाढवून सांगतो, कारण मी कापणार. मी साहेबांना वाढवून सांगते, आणि साहेब एक नजर टाकून सरळ निम्मं करतात. शेवटी कामाला जेवढे दिवस लागायचे तेवढेच लागतात आणि आम्ही सगळे त्या कामाकडे बघून 'यावेळी जरा उशीरच झाला' म्हणतो. या सगळ्यात एक रीत मात्र कडक पाळली जाते. पहिला आकडा कधीही मान्य करायचा नाही. पहिला आकडा मान्य करणारा माणूस आमच्याकडे एक तर नवा असतो, नाही तर त्याने काहीतरी खाल्लेलं असतं.

माझा नवरा आयटीत आहे. त्याचा अंदाज एकच असतो, दोन आठवडे. काहीही विचारा, दोन आठवडे. बाथरूमच्या गळक्या नळालाही त्याने दोन आठवडेच दिले होते, आणि तो नळ आता घरातलाच एक माणूस झाला आहे.

पण या सगळ्यांचा बाप म्हणावा असा माणूस माझ्याच घरात होता, आणि तो माझा खरोखरचा बाप. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे सातव्या मजल्यावर राहायला आले. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी जन्मभर टाइम स्टडी केला. म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, एक नग करायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून एका पाळीत किती नग निघाले पाहिजेत ते ठरवायचं. कारखान्यात यमानंतर त्यांचाच नंबर. ते येताना दिसले की कामगारांच्या अंगात एकदम वैराग्य संचारायचं. एरवी धडाधड नग काढणारा गडी मशीन पुसायला लागायचा, प्रत्येक नग उजेडात धरून सोनारासारखा निरखायचा. बाबा मान डोलवत सगळं बघायचे आणि कागदावर लिहायचे की हा माणूस साठ टक्के वेगाने काम करतोय. मग त्या हिशेबाने वेळ कापायचे. नंतर थकव्यासाठी थोडा वाढवून द्यायचे, लघवीसाठी थोडा. कामगार किती फसवतोय हे यांना माहीत आणि हे किती कापणार हे त्याला माहीत, त्यामुळे आकडा बहुतेक वेळा बरोबर यायचा.

घरातही त्यांनी प्रयत्न केला होता. आई पोळ्या करत असताना एकदा ते ओट्याशी घड्याळ घेऊन उभे राहिले. आईने लाटणं त्यांच्या दिशेने रोखलं आणि आमच्या स्वयंपाकघराचा टाइम स्टडी तिथेच संपला.

कारखान्यात बाबा ज्याच्या मागे सर्वांत जास्त वेळ उभे राहिले तो माणूस निवृत्तीनंतर नेमका आमच्या समोरच्या बैठ्या घरात भाड्याने राहायला आला. हा योगायोग नसून सूड आहे असं बाबा म्हणायचे. हे गृहस्थ मूळचे मावळातले, ग्राइंडिंग मशीनवर आयुष्य काढलेले. आम्ही त्यांना ग्राइंडिंगकाका म्हणतो. रोज संध्याकाळी बाबा लिफ्टने खाली जायचे, काका रस्ता ओलांडून यायचे, आणि आमच्या गेटाजवळच्या कट्ट्यावर बसून दोघं एका जुन्या बुशावरून भांडायचे. बुश म्हणजे एक साधी लोखंडी नळकांडी. तिच्यावरून कारखान्यात मोर्चा निघाला होता म्हणे.

"साहेब, त्या बुशाला तुमी जो टाइम दिला ना, तेवढ्यात माझं मशीन गरम बी व्हत न्हवतं."

"आणि माझी पाठ वळली की दुप्पट काढायचास, त्याचं काय?"

"त्ये तुमी बघितलं न्हाई. म्हंजी झालंच न्हाई."

रोज हेच. बाबांना दुसरं कोणी नव्हतं असं नाही, मी होते, नातवंडं होती, टीव्ही होता. पण दुपारी चारपासून ते दाढी करून, शर्ट घालून तयार बसायचे ते या भांडणासाठी.

त्यात दोन अडचणी होत्या. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशनला ते तयार नव्हते, कारण किती दिवसांत चालता येईल हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. ज्याला स्वतःच्या कामाचे दिवस सांगता येत नाहीत त्याच्या हातात सुरी कशाला द्यायची, असं त्यांचं म्हणणं. आणि काकांना हृदयाच्या दुखण्यामुळे जिना चढायची सक्त मनाई. म्हणजे लिफ्ट बंद पडली की एकाला उतरता येणार नाही, दुसऱ्याला चढता येणार नाही. त्यातून काकांच्या तळेगावला नोकरी करणाऱ्या मुलाने मावळात गावी घर बांधायला काढलं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर प्रवेश आणि मग काका कायमचे तिकडे. मावळ म्हणजे काही लंडन नाही, पण गुडघे आणि हृदय मध्ये आलं की तेवढंच लांब पडतं. दसऱ्यापर्यंतच्या संध्याकाळी काय त्या उरल्या होत्या.

तर आषाढातल्या एका रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. लिफ्टवाला साताऱ्याकडचा, पस्तिशीचा, इकडे नुकताच धंदा सुरू केलेला. जुनी लिफ्ट काढून नवी चालू करायला किती दिवस, असं अध्यक्षांनी विचारलं. तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत होईल."

सगळे तुटून पडले. चाकणवाले म्हणाले, दोन कामं एकामागून एक कशाला, बरोबरच चालू द्या. भोसरीवाल्याने विचारलं, रात्रपाळी का नाही लावत? माझा नवरा अर्थातच म्हणाला, "दोन आठवडे." तेवढ्यात बाबा उभे राहिले. निवृत्तीनंतर इतकं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. रूळ उतरवायला किती दिवस? मोटार बसवायला किती? त्यात चहा किती? मोबाइल बघण्यात किती? लिफ्टवाला एकेक उत्तर देत होता आणि बाबा प्रत्येकातून थोडं थोडं कापत होते, भाजीवाली दुधीचं देठ उडवते तसं. शेवटी बेरीज करून ते म्हणाले, "गणपतीच्या आत होऊन जाईल." टाळ्या पडल्या. लिफ्टवाल्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं, आमच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "करू की." त्याचा चेहरा पडला होता. मला वाटलं, बरा अभिनय करतो.

मोशीला माझी आत्या राहते, बैठ्या घरात. तेवढे दिवस बाबांनी तिच्याकडे राहावं आणि संध्याकाळी रिक्षाने कट्ट्यावर यावं असं मी सुचवलं. बाबा म्हणाले, "गणपतीच्या आत होऊन जाईल. तेवढ्यासाठी बहिणीच्या दारात ट्रंक घेऊन जाऊ?" आपणच काढलेल्या आकड्यावर आपलाच विश्वास बसणं ही आमच्या धंद्यातली फार जुनी खोड आहे.

जुनी लिफ्ट मात्र सांगितल्याच्याही आधी निघाली. मोडायच्या कामाला आमच्याकडे कधीच उशीर होत नाही. मग प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला प्लायवूड ठोकलं गेलं आणि बाबा वर अडकले.

पहिले काही दिवस मजेत गेले. संध्याकाळी बाबा गॅलरीत उभे, काका खाली कट्ट्यावर, दोघांच्या कानाला मोबाइल.

"हॅलो, मी बोलतोय."

"दिसतंय की. हात हलिवताय त्ये."

फोनवरही बुशाचंच भांडण चालायचं. काकांना राग आला की ते कट्ट्यावर बसल्या बसल्या बाबांकडे पाठ करायचे. बाबा मला हाक मारून दाखवायचे, "पाठ केली बघ!" पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, खाली गाड्यांचा गोंगाट, आणि भांडताना समोरच्याचा चेहरा दिसत नसेल तर मजा नाही. हळूहळू बोलणं तब्येतीवर आलं, मग हवेवर आलं. चारला दाढी करायचं बाबांनी सोडून दिलं. मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं, आणि सभेतल्या त्या टाळ्या आठवून संतापही यायचा.

गणपती आले. सोसायटीच्या गणपतीचं दर्शन बाबांनी व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि नैवेद्य जिन्याने वर आला. लिफ्टची नवी केबिन तेवढी येऊन टांगलेली होती, तिला हार घातला होता. विसर्जनानंतर ती पुन्हा खाली काढली, कारण लिफ्टखालच्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं. खड्डा फोडायचा, प्लास्टर करायचं, ते वाळू द्यायचं आणि मग सगळं पहिल्यापासून. मी ऑफिसात व्हेंडरला झापते त्याच आवाजात लिफ्टवाल्याला पार्किंगमध्ये गाठलं.

तो म्हणाला, "मॅडम, आधी खड्डाच करणार होतो. पण मग गणपतीच्या आत केबिन दिसली नसती. मी तर दसराच म्हटलं होतं."

"ते सगळेच म्हणतात. तुम्ही मनात खरे किती धरले होते?"

"दसरा."

"अहो, दसरा वाढवून सांगितलात. खरे किती?"

"वाढवून कशाला सांगू? तुम्ही विचारलंत किती लागतील. जेवढे लागणार होते तेवढे सांगितले."

संध्याकाळी मी हे कमिटीला सांगितलं. भोसरीवाले वैतागून म्हणाले, "मग राव, आधी सांगायचं ना, खरं सांगतोय म्हणून!"

बाबांना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत बसले होते. म्हणाले, "चाळीस वर्षांत एकानेही पहिल्या झटक्यात खरा आकडा सांगितला नाही. मी ओळखणार कसा?" मी म्हटलं, कोणीच ओळखलं नाही. आता लिफ्ट दिवाळीपर्यंत ढकलली गेली होती आणि काका जाणार होते दसऱ्याला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी समोर टेम्पो लागला. बाबांनी तो गॅलरीतून पाहिला आणि आत येऊन पायांत बूट चढवले. बिल्डिंगमधली चार पोरं खुर्चीत बसवून उतरवतो म्हणाली. बाबा त्यांच्यावर खेकसले, "विसर्जनाला नेताय का मला?" मग मी माझ्या वळणावर गेले. म्हटलं, उतरणं एक वेळ जमेल, पण चढायचं कसं? आधी परतीचं ठरवा, मग खाली जा. कुठलंही काम सुरू करताना शेवट ठरलेला हवा, हे तुम्हीच शिकवलंत ना?

"मला खाली जायचंय," बाबा म्हणाले. "काम एवढंच आहे."

आणि कठडा धरून ते निघाले. सहाव्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची टाकली. पाचव्यावर चाकणवाल्यांनी कुठला पाय आधी टाकावा आणि वजन कुठल्या बाजूला घ्यावं यावर मत दिलं. चौथ्यावर दुसऱ्या चाकणवाल्यांनी बरोबर उलटं मत दिलं. तिसऱ्यावर चहा झाला. दुसऱ्या मजल्यावर बाबा पायरीवरच बसले, डोळे मिटून, घामाने शर्ट भिजलेला. मी घाबरले. रडकुंडीला येऊन मी म्हटलं, पुरे आता. त्यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला, आणि मी त्यांना उठवलं.

समोर टेम्पो भरून झाला होता, फक्त एक खाट अंगणात राहिली होती, कारण काका तिच्यावरून उठायला तयार नव्हते. मुलगा काकुळतीला येऊन म्हणत होता, "बाबा, टेम्पोवाला थांबत न्हाई." काका गेटाकडे बघत होते. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

"उतरला व्हय साहेब," काका म्हणाले. "लई टाइम लावला. माझ्या बुशाला येवढा दिला असता तर?"

बाबा हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला. ते काकांशेजारी खाटेवर बसले. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. मुलाने हात टेकले आणि टेम्पोवाल्याला चहाला घेऊन गेला.

"आता वर कसं जानार?" काकांनी विचारलं.

"नाही जाणार."

"मग हितंच ऱ्हावा की. दिवाळीपत्तुर खोली आपलीच हाय." मग मुलाला हाक मारून म्हणाले, "खाट ऱ्हाऊ दे रं."

काका निघाले तेव्हा दोघांपैकी कोणीही हात हलवला नाही. इतके दिवस हातच हलवत होते, कंटाळले असतील.

बाबा त्या रिकाम्या घरात राहिले. मी सात मजले उतरून डबा द्यायची, सात मजले चढून परत यायची आणि चढताना बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या इंजिनियरांचा उद्धार करायची. संध्याकाळी बाबा कट्ट्यावर एकटे बसायचे. मावळातल्या त्या घरात मोबाइलला रेंज नाही, फोन करायचा तर काकांना देवळापर्यंत चालत जावं लागे. आधी रोज फोन यायचा. मग दिवसाआड. मग काकांच्या मुलाने सांगितलं की त्यांना चालताना दम लागतो.

भाऊबीज झाल्यावर लिफ्ट सुरू झाली. नारळ फुटला, पेढे वाटले, अध्यक्षांनी भाषणात 'अल्पावधीत' असा शब्द वापरला आणि लिफ्टवाल्यासह कोणीही हसलं नाही. मी बाबांना न्यायला गेले. ते दाढी करून, शर्ट घालून खाटेवर तयार बसले होते.

"चला, वर जाऊ."

"आधी मावळात."

दुपारी माझी चाकणला मीटिंग होती, नव्या मशीनच्या तारखांची. मी मनात हिशेब केला. जायला एवढा वेळ, बसायला अर्धा तास, मग बाबांना सोबतच घेऊन तळेगाववरून थेट चाकण, मीटिंग होईपर्यंत ते गाडीत बसतील. जमण्यासारखं होतं. "अर्धा तासच हं," मी बजावलं. बाबांनी मान हलवली.

काका अंगणात घोंगडी पांघरून उन्हाला बसले होते. महिन्याभरात अर्धे झाले होते. बाबांना बघून उठायला गेले, उठता आलं नाही. सुनेने खुर्ची आणली, ती बाबांनी ओढून काकांच्या अगदी जवळ घेतली. बोलणं सुरू झालं. काका अर्धं वाक्य बोलायचे आणि दम खायला थांबायचे, डोळे मिटून. बाबा थांबायचे. वाक्य पुरं करायला ते मदत करत नव्हते, घाई करत नव्हते, नुसते त्या तोंडाकडे बघत पुढच्या शब्दाची वाट बघत होते.

अर्धा तास झाला. त्यावर आणखी थोडा झाला. मी पुढे होऊन हळूच विचारलं, "बाबा, निघायचं ना? अजून किती वेळ लागेल?"

काकांचं वाक्य मधेच थांबलेलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"माहीत नाही," ते म्हणाले.

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकले नव्हते. मी गाडी काढून देवळापर्यंत गेले, रेंज मिळाल्यावर ऑफिसला फोन केला आणि आज येत नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी विचारलं, मग उद्या तरी नक्की ना? मी म्हटलं, सांगता येत नाही. मग परत येऊन गाडीतली पाण्याची बाटली घेतली आणि त्या दोघांच्या बाजूला पायरीवर बसले.